चिलखत आणि नफ्याचा हिशेब

पोलिसाच्या लाठीचा अनुभव ज्यांनी मोर्चात घेतला आहे, त्यांनी त्याच पोलिसाच्या चिलखताची चिंता का वाहावी, असा प्रश्न काही कार्यकर्ते विचारतील. प्रश्न गैर नाही. परंतु गणवेश उतरविल्यावर शिपाई हा पगारावर जगणारा, चाळीत किंवा वसाहतीत राहणारा माणूसच असतो, आणि त्याच्या अंगावरचे जाकीट हे त्याच्या कामाचे साधन असते. खाणकामगाराच्या शिरस्त्राणाइतकेच ते निर्दोष असावे, हा त्याचा हक्क होय. अमेरिकेतील झायलॉन प्रकरणाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे.

जून 2003 मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील फॉरेस्ट हिल्स या गावी एका पोलिसावर गोळी झाडली गेली. जी गोळी अडविण्यासाठी त्याचे जाकीट बनविले व प्रमाणित केले होते, तीच गोळी ते भेदून आत शिरली आणि तो गंभीर जखमी झाला. जाकीट मिशिगनमधील ‘सेकंड चान्स’ कंपनीचे, त्यातील झायलॉन हा धागा जपानच्या तोयोबो कंपनीचा. हा धागा हलका आणि विलक्षण मजबूत. मात्र उष्णता, दमट हवा व प्रकाश यांनी तो कमकुवत होतो. म्हणजे घाम गाळीत उन्हात उभा राहणाऱ्या माणसाच्या अंगावरच तो सर्वांत लवकर निकामी व्हावयाचा!

ही गोष्ट कोणास ठाऊकच नव्हती, असे नव्हे. धागा टिकत नसल्याच्या वार्ता 2001 सालीच कंपन्यांपर्यंत पोचल्या होत्या. सेकंड चान्सच्या प्रमुखाने 2002 साली संचालकांपुढे ठेवलेल्या टिपणात दोन मार्ग नोंदले होते: ग्राहकांना तत्काळ कळविणे, किंवा एखाद्या ग्राहकाचा बळी जाईपर्यंत काही बिघडलेच नाही अशा थाटात धंदा चालू ठेवणे. दुसरा मार्ग ‘पर्याय’ म्हणून कागदावर येऊ शकतो, यातच त्या व्यवस्थेची ओळख पटते. विक्री थांबली ती सप्टेंबर 2003 मध्ये, फॉरेस्ट हिल्सची गोळी सुटल्यानंतर.

सरकारी यंत्रणेचे काय? अमेरिकेतील राष्ट्रीय न्याय संस्थेचे मानक ऐच्छिक होते, आणि त्यात कसोटी लागे ती कारखान्यातून नुकत्याच आलेल्या कोऱ्या जाकिटाची. दोन उन्हाळे अंगावर काढलेल्या जाकिटाची कसोटी कोणी घेत नसे. ऑगस्ट 2005 मध्ये त्या संस्थेने वापरलेल्या झायलॉन जाकिटांच्या चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर केले. 103 पैकी 60 जाकिटे सहा गोळ्यांपैकी निदान एका गोळीने भेदली गेली, आणि सर्व निकषांना उतरली ती अवघी चार! मगच झायलॉनच्या जाकिटांची मान्यता काढून घेण्यात आली. जाकीट दहा दिवस 65 अंश सेल्सिअस उष्णतेत व 80 टक्के आर्द्रतेत घुसळून मग त्यावर गोळी झाडण्याची कसोटी यावयास 2008 साल उजाडावे लागले.

खटला आणखी रेंगाळला. सेकंड चान्सने 2004 सालीच दिवाळे काढले होते. मार्च 2018 मध्ये तोयोबोने 6 कोटी 60 लाख डॉलर भरून सरकारशी तडजोड केली. तीत दोष कबूल केला नाही. त्या दाव्याचा आरंभ सेकंड चान्सच्याच एका संशोधनप्रमुखाने केला होता, हे मात्र विसरता कामा नये. कारखान्याच्या आत सत्य बोलणारा एक माणूस निघाला. नियंत्रकांच्या कचेरीत तसा माणूस वेळेवर निघाला नाही.

आपल्याकडे 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री हेमंत करकरे यांनी घातलेले जाकीट नंतर गहाळ झाले. ते चांगले असते तर ते वाचले असते काय, हा वेगळा प्रश्न आहे. पण ज्या वस्तूची तपासणी व्हावयास हवी, तीच नाहीशी होते, तेव्हा उत्तराची वाटच बंद होते. भारतीय मानक ब्युरोने बुलेटप्रूफ जाकिटांसाठी स्वतंत्र मानक, आयएस 17051, प्रसिद्ध केले ते 2018 साली, म्हणजे त्या रात्रीनंतर दहा वर्षांनी.

मानक छापले म्हणजे ते शिपायाच्या अंगावर चढले, असे होत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात आणि विदर्भाच्या मे महिन्यात जाकीट किती काळ टिकते, हे प्रयोगशाळेत नव्हे, तर ठाण्यातून परत मागवलेले नमुने फोडूनच कळेल. म्हणून प्रत्येक जाकिटाचा गटक्रमांक व निर्मितीची तारीख नोंदवहीत असावी, दरवर्षी काही वापरलेली जाकिटे चाचणीसाठी काढली जावीत, त्यांचे निकाल विधिमंडळापुढे यावेत आणि एक नमुना नापास झाल्यास तो संपूर्ण गट पुरवठादाराच्या खर्चाने परत घेण्याची अट निविदेतच घातली जावी. सर्वांत कमी दराची निविदा पास करणाऱ्या अधिकाऱ्याची सहीही त्या नोंदवहीत असावी. अधिवेशनात गृहखात्याच्या मागण्यांवर चर्चा होते, तेव्हा आमदारांनी विचारावयाचा प्रश्न हाच: आज नाक्यावर उभ्या असलेल्या शिपायाच्या अंगातले जाकीट कोणत्या साली बनले, आणि त्यानंतर त्याची तपासणी कोणी केली?