उतरणीचा गिअर

दिवाळी उरकली की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या रस्त्यांवर मुंबई-ठाण्याच्या गाड्यांची रीघ लागते. कुणाला माथेरान गाठायचे असते, कुणाला बोरघाट चढून लोणावळा. नाताळच्या आठवड्यात तर नेरळहून वर जाणाऱ्या रस्त्यावर गाडीला गाडी लागलेली असते. म्हणजे थंडी हाच इथल्या घाटांचा मोठा हंगाम. तरीही गाडीची तयारी म्हटले की आपल्याला आठवतो तो मे महिना: वायपर बदला, टायर बघा, छताची गळती बुजवा. हिवाळ्यात इथे बर्फ पडत नाही, मग तयारी कसली, असा सर्वसाधारण समज आहे. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी गाडीची आणि ती चालवणाऱ्याची खरी तपासणी पाऊस संपल्यावर व्हायला हवी, आणि तिचा रोख चढावर नसून उतारावर असायला हवा. गाडी चढली नाही तर फार तर खोळंबा होतो. थांबली नाही तर काय होते, ते सांगायला नको.

नेरळ समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही. माथेरान सुमारे ८०० मीटरवर आहे. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने त्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, पण तिथवर पोचेपर्यंतच सात-आठ किलोमीटरांत सातशे मीटरच्या आसपास चढ झालेला असतो. माणसे आणि सामान धरून दीड टनाची गाडी तेवढे अंतर उतरते, तेव्हा टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध वजा केला तरी पंचवीसेक लिटर पाणी उकळीला आणता येईल इतकी उष्णता उरते. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर यातला मोठा वाटा इंजिन पेलते. न्यूट्रलवर असेल तर सगळा भार ब्रेकच्या डिस्क-ड्रमवर पडतो. पॅड तापून त्यांची पकड सैल होते, आणि उष्णता पुढे ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेते. मानकानुसार डॉट ३ दर्जाचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओल धरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. ऑइल उकळले की नळ्यांत वाफ धरते, आणि वाफ दाबली जात असल्याने ब्रेकचे पेडल नुसते खाली जाते, चाक मात्र फिरत राहते. कोकणाच्या दमट हवेत दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणे ही चैन नव्हे. पण बहुतेक मालक बाटलीतली पातळी बघतात, ऑइलचे वय कोणी विचारत नाही.

गाडीपेक्षा चालकाची तयारी अवघड, कारण ती गॅरेजात होत नाही. नेरळचे टॅक्सीवाले दिवसातून अनेकदा हा घाट उतरतात, तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर सतत पाय न ठेवता. शहरातल्या सपाट रस्त्यांवर शिकलेल्याला ही सवय लागलेली नसते. खरे तर कायद्याने ती अपेक्षिलेली आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १५ व्या नियमात, उतारावर झटकन खालचा गिअर टाकता येणे आणि चढावर थांबलेली गाडी मागे न घसरू देता पुन्हा सुरू करता येणे, ही दोन्ही कौशल्ये परवान्याच्या परीक्षेत धरली आहेत. मैदानात आठचा आकडा काढून परवाना घेतलेल्या किती जणांना पहिले कौशल्य करून दाखवावे लागले असेल, याचा वाचकांनीच विचार करावा. चढावर गिअर बदलावाच लागतो, नाहीतर गाडी गचके खात बंद पडते. उतारावर अशी सक्ती नसते. चुकीच्या गिअरमध्येही गाडी छान धावते, आणि म्हणूनच चूक शेवटच्या वळणापर्यंत कळत नाही.

न्यूट्रलवर गाडी सोडली की इंधन वाचते, हा आपल्याकडचा चिवट समज. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांत त्यात थोडेफार तथ्य होते. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनाला जाणारे इंधन जवळपास बंदच होते, कारण चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळत राहते. म्हणजे ज्या बचतीसाठी धोका पत्करायचा, ती बचतही पदरात पडत नाही.

ही सगळी जुन्या जमान्यातली काळजी आहे, नव्या गाड्यांत एबीएस असते, असा आक्षेप येईल. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, हे खरे; पण तापलेल्या पॅडला ते पकड आणून देऊ शकत नाही. ऑटोमॅटिक गाड्यांत गिअर खाली आणण्याची सोय असते. मात्र ‘डी’ सोडून दुसरीकडे दांडी कधीच न हलवलेले चालक घाटात भेटतात. विजेच्या गाड्या उतारावर चाकांतूनच वीज परत घेतात आणि ब्रेकचे काम हलके करतात, पण बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर तिला वीज घ्यायला जागा नसते. लोणावळ्याच्या मुक्कामात रात्रभर शंभर टक्के चार्ज करून सकाळी घाट उतरू नये, हे कंपनीच्या पुस्तिकेच्या कुठल्यातरी पानावर असते. ती पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात न उघडता पडलेली असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दोष अवजड वाहनांचा आणि रस्त्याचा, मोटारवाल्यांना उपदेश कशाला? जुलै २०२५ मध्ये खोपोलीजवळ द्रुतगती मार्गावर ब्रेक निकामी झालेला कंटेनर ट्रेलर उतारावर वीसेक गाड्यांवर आदळला. त्या गाड्यांतल्या लोकांनी कोणता गिअर टाकला होता, याने काही फरक पडला नसता. अवजड वाहनांवर कडक देखरेख हवीच, आणि घाटाचा तो टप्पा टाळणारा खोपोली ते कुसगाव हा तेरा किलोमीटरचा मिसिंग लिंक हाही योग्य उपाय आहे. पण नेरळच्या घाटात ट्रेलर नसतात, तिथे कुठला मिसिंग लिंकही होणार नाही. शिवाय ट्रकचालकाकडून जी शिस्त आपण मागतो, तीच आपल्याला ठाऊक नसेल तर मागणीला जोर कसा येणार?

याच तालुक्यांतून जाणाऱ्या रेल्वेने ही गोष्ट कधीच मनावर घेतली. १८६३ साली बोरघाटातून गाडी सुरू झाली, तेव्हापासून दर ३७ मीटरला एक मीटर अशा चढासाठी जादा इंजिन लागते, ते आजही कर्जतला जोडले जाते. पण खरी हुशारी उतारावर दिसते. तिथे ‘कॅच सायडिंग’ असतात, म्हणजे बेफाम सुटलेल्या गाडीला पुन्हा चढावर घेऊन थोपवणारे फाटे. खाली येणारी गाडी काबूत आहे याची खात्री पटल्यावरच तिला मुख्य मार्ग मिळतो. चालक अनुभवी आहे, एवढे रेल्वेला पुरत नाही. माथेरानची १९०७ सालची छोटी गाडीसुद्धा मे २०१६ मध्ये डबे घसरल्यावर बंद केली गेली, आणि एअर ब्रेक बसवूनच पुढच्या वर्षी अमन लॉज ते माथेरान एवढ्या टप्प्यावर ती पुन्हा धावली. पर्यटकांनी कुरकुर केली असेल. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

थंडीचे स्वतःचे काही धोकेही आहेत. उल्हास आणि पाताळगंगेच्या काठाने पहाटे धुके बसते. त्यात प्रखर दिवा लावला तर धुक्याची भिंतच उजळते, डिपर बरा. रात्रीच्या गारव्यात टायरमधली हवा आकसते, म्हणून दाब निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच बघावा. सह्याद्रीची ही बाजू पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे रविवारी संध्याकाळी परतणाऱ्याच्या डोळ्यांवर डिसेंबरचा तिरपा सूर्य येतो आणि मळकी काच आंधळी होते. चढाच्या रांगेत अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरली की क्लच प्लेट जळते. त्यासाठी हँडब्रेक आहे.

घाट उतरणाऱ्या गाड्यांची तपासणी बसवली तर रांगा आणखी वाढतील, अशी भीती स्थानिक व्यावसायिकांना वाटणे स्वाभाविक आहे. पण दस्तुरी नाक्यावर प्रत्येक गाडी पार्किंगसाठी थांबतेच. परत निघताना तिथे चालकाला एका वाक्यात गिअर सांगता येईल. नेरळच्या पायथ्याशी उष्णता दुरून मोजणारे हातातले यंत्र घेऊन एक माणूस उभा केला आणि दर दहा गाड्यांमागे एकीची चाके तपासली, तरी ब्रेकवरच घाट उतरलेले कोण, हे मिनिटभरात कळेल. ज्याची चाके भलतीच तापली असतील, त्याला ती निवेपर्यंत बाजूला थांबवावे. पहिल्या हंगामात दंडही नको.