महाद्वारातून दिसणारी सूर्यमाला

शाळकरी मुलांना सूर्यमाला शिकवणे फार सोपे, असे पुष्कळ पालकांना वाटते. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून! आठ नावे ओळीने म्हणून घेतली की काम संपले. आमच्या वेळी नऊ होती. २००६ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्लुटोला बटुग्रहांच्या पंक्तीत बसवले आणि मुलांचे पाठांतर एका नावाने हलके झाले. पण नावे पाठ झाली म्हणजे सूर्यमाला समजली, हे काही खरे नव्हे. पाहुण्यांची नावे सांगता आली म्हणून त्यांच्याशी ओळख झाली, असे आपण म्हणतो का?

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. तरी सुट्टीत आमच्या गल्लीतली मुले शंका घेऊन माझ्याकडे येतात, आणि आठ नावे धडाधड म्हणणाऱ्याला मी एकच प्रश्न टाकतो : "अंबाबाईचा किरणोत्सव वर्षातून दोनदा का होतो रे?"

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. कोल्हापूरच्या अंबाबाईचे देऊळ पश्चिमाभिमुख आहे. ९, १० व ११ नोव्हेंबर आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात, गरुडमंडप ओलांडतात आणि थेट गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी आणखी वर आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, असा हा सोहळा परंपरेने सांगितला जातो. चरणांना स्पर्श करणारा तो किरण सूर्यापासून निघाला तेव्हा आपण कदाचित महाद्वार रोडवर चपला काढत असू. पंधरा कोटी किलोमीटरचे अंतर तोडायला त्याला आठ मिनिटे वीस सेकंद लागतात!

आता दोनदा का? सूर्य रोज नेमक्या पश्चिमेलाच मावळतो, अशी बहुतेकांची समजूत असते. तसे तो फक्त मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवसरात्र समान असतात तेव्हा करतो. एरवी त्याची मावळतीची जागा झोपाळ्यासारखी उत्तर-दक्षिण हलत असते. सप्टेंबरनंतर ती दक्षिणेकडे सरकत जाते आणि २१-२२ डिसेंबरला टोक गाठून माघारी फिरते. देवळाच्या दारासमोरची जागा त्याला जाताना एकदा आणि परतताना एकदा लागते. मोजून पाहा. १० नोव्हेंबरपासून त्या टोकापर्यंत ४१-४२ दिवस, आणि तिथून १ फेब्रुवारीपर्यंतही तेवढेच. नोव्हेंबरात सूर्य रोज सुमारे अर्ध्या बिंबाइतका बाजूला सरकतो. म्हणून तर हा सोहळा दोनतीन दिवसांत आटोपतो.

या साऱ्याचे कारण म्हणजे आपली पृथ्वी साडेतेवीस अंशांनी कललेली आहे आणि तशीच कललेली राहून ती सूर्याभोवती फिरते. ऋतूही या कलण्यामुळेच होतात. सूर्य जवळ आला की उन्हाळा, असे सांगणारी मोठी माणसेही मला भेटतात. वास्तविक आपण सूर्याच्या सर्वांत जवळ असतो ते जानेवारीच्या आरंभी, ऐन थंडीत! तेव्हा अंतर सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटर असते. जुलैच्या आरंभी ते १५ कोटी २० लाखांवर जाते.

गेल्या खेपेस आमच्या शेजारच्या वहिनींनी मलाच कोड्यात टाकले. "अहो भाऊजी, दिवाळीची तारीख दरवर्षी बदलते, मग किरणोत्सवाची का नाही बदलत?" प्रश्न लाखमोलाचा होता. दिवाळी चालते चंद्राच्या घड्याळावर. बारा चांद्रमासांचे दिवस होतात ३५४, म्हणजे सौरवर्षाहून सुमारे ११ कमी. त्यामुळे २०२३ साली १२ नोव्हेंबरला आलेले लक्ष्मीपूजन २०२४ साली १ नोव्हेंबरला आणि २०२५ साली २१ ऑक्टोबरला आले. असेच चालू राहिले तर एक दिवस दिवाळी भर पावसात यायची! म्हणून मध्ये अधिक महिना घालतात. २०२६ सालच्या अधिक ज्येष्ठाने लक्ष्मीपूजन पुन्हा ८ नोव्हेंबरवर आणून ठेवले. किरणोत्सव मात्र निव्वळ सूर्याचा. आपले इंग्रजी कॅलेंडरही सूर्याचेच, म्हणून त्याच्या तारखा हलत नाहीत.

राहिला प्रश्न अंतरांचा. पुस्तकातल्या चित्रात सगळे ग्रह खेटून बसलेले असतात, तेव्हा मुलांची कल्पना तशीच होते. समजा, देवळाच्या आवारात सूर्य म्हणून एक मीटर व्यासाचा गोळा ठेवला. मग पृथ्वी होईल वाटाण्याएवढी, आणि तो वाटाणा ठेवावा लागेल १०७ मीटरांवर. चंद्र मोहरीच्या दाण्याएवढा, वाटाण्यापासून वीतभराहून थोडा दूर. माणूस स्वतः आजवर गेला आहे तो साधारण एवढ्याच अंतरावर! गुरू सोललेल्या नारळाएवढा, ५६० मीटरांवर. शनी किलोमीटरभर लांब आणि लिंबाएवढा नेपच्यून सव्वातीन किलोमीटरांवर, म्हणजे गावाच्या दुसऱ्या टोकालाच. आणि सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा? तो सुमारे २९,००० किलोमीटरांवर! एवढ्यात पृथ्वीला पाऊण फेरा होत आला. हे ऐकल्यावर मुले क्षणभर गप्प होतात. ती शांतता मला पुष्कळ गुणांपेक्षा मोलाची वाटते.

जयंत नारळीकर याच कोल्हापुरात १९३८ साली जन्मले आणि विश्वाचे कोडे सोडवता सोडवता मराठी मुलांसाठी विज्ञानकथाही लिहीत राहिले. मे २०२५ मध्ये ते गेले. असा प्रत्येकजण होणार नाही, पण "का?" असे विचारायला नारळीकर व्हावे लागत नाही.

एक काळजी मात्र वाटते. काही वर्षी ही किरणे देवीपर्यंत पोहोचतच नाहीत. कधी ढग आणि धूळ आडवी येते, कधी वाटेतली बांधकामे. ढग निघून जातात, भिंती जात नाहीत. शेकडो वर्षांपूर्वी ज्यांनी दाराची दिशा साधली त्यांनी आकाश निरखले होते. आपण ते झाकत चाललो आहोत. देवळापुढचा अडथळा दूर करणे नगराचे काम. मुलांच्या डोळ्यांपुढचा दूर करणे घरातल्या माणसांचे.

तेव्हा फराळ झाल्यावर एका संध्याकाळी मुलांना गच्चीवर न्या. सूर्याकडे टक लावून पाहू देऊ नका. तो कोणत्या झाडामागे किंवा टाकीमागे मावळला, एवढेच वहीत टिपून ठेवायला सांगा. आठ दिवसांनी त्याच जागी उभे राहून पुन्हा टिपा. खूण चारपाच बिंबांइतकी डावीकडे सरकलेली दिसेल. "काका, सूर्य हलला!" असे कोणी ओरडले, तर लगेच उत्तर देऊ नका. हलले कोण, ते त्याचे त्यालाच शोधू द्या.