उपकाराची भाषा आणि वेस्ट ब्रॉमचे तीन खेळाडू



इंग्लंडच्या वेस्ट ब्रॉमविच शहरात तीन फुटबॉलपटूंचा एकत्र पुतळा आहे. 2019 मध्ये त्याचं अनावरण झालं. सिरिल रेजिस, लॉरी कनिंगहॅम आणि ब्रेंडन बॅटसन. तिघेही कृष्णवर्णीय, आणि 1978-79 च्या मोसमात तिघेही वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या क्लबकडून एकत्र खेळले. फुटबॉल बघणारे आपले काही सवर्ण मित्र ही गोष्ट फार प्रेमाने सांगतात. रॉन ॲटकिन्सन नावाचा एक दिलदार गोरा मॅनेजर होता, त्याने तीन काळ्या पोरांना संधी दिली, पोरांनी मेरिट दाखवलं आणि इंग्लंडमधला वर्णद्वेष वितळला. मग हळूच गाडी आपल्याकडे वळते. "बघा, खेळात जात नसते, रंग नसतो. तिथे कुठे आरक्षण होतं?"

एवढी गोष्ट ऐकवलीच आहे, तर ती पूर्ण सांगू या.

ॲटकिन्सन वेस्ट ब्रॉममध्ये आला जानेवारी 1978 मध्ये. कनिंगहॅम आणि रेजिस दोघेही 1977 मध्येच क्लबमध्ये आलेले होते. म्हणजे ज्याने 'संधी दिली' असं सांगतात, तो येण्याआधीच तिघांपैकी दोघे मैदानात होते. ॲटकिन्सनने आणला तो एकटा बॅटसन, आपल्या आधीच्या केंब्रिज युनायटेड क्लबमधून. रेजिस तर इलेक्ट्रिशियनचं काम करत हौशी-अर्धव्यावसायिक फुटबॉल खेळणारा पोरगा. त्याला हेरलं रॉनी ॲलन यांनी. क्लब पाच हजार पौंड टाकायला कचरत होता, तेव्हा वेळ पडली तर स्वतःच्या खिशातून देतो, असं ते म्हणाले होते. पाच हजार पौंडांत इतका भारी स्ट्रायकर! संधी कोणी कोणाला दिली, याचा हिशेब एकदा नीट मांडा.

आता जागा बघा. या क्लबचं हॉथॉर्न्स मैदान वेस्ट ब्रॉमविच आणि स्मेदिक यांच्या अगदी हद्दीवर आहे. स्मेदिक म्हणजे तेच, जिथे 1964 च्या निवडणुकीत हुजूर पक्षाचा पीटर ग्रिफिथ्स उघड वर्णद्वेषी प्रचाराच्या जोरावर निवडून आला. तिथल्या मार्शल स्ट्रीटवरची घरं काळ्यांच्या आणि आशियाई लोकांच्या हाती जाऊ नयेत म्हणून नगरपालिकाच ती विकत घेऊन फक्त गोऱ्यांना द्यायला निघाली होती. फेब्रुवारी 1965 मध्ये माल्कम एक्स ती गल्ली बघायला आले, त्यांच्या हत्येच्या अवघ्या नऊ दिवस आधी. त्यांना बोलावण्यात इंडियन वर्कर्स असोसिएशनचे पंजाबी कामगार पुढे होते, कारण पबमध्ये त्यांनाही वेगळं बसवत किंवा दारातूनच परत पाठवत. या कामगारांकडे मी शेवटी परत येणार आहे.

अशा परिसरात हे तिघे खेळले. 30 डिसेंबर 1978 ला ओल्ड ट्रॅफर्डवर त्यांनी मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच घरात 5-3 असं हरवलं. त्या सामन्याचं चित्रण आजही बघायला मिळतं. काळ्या खेळाडूकडे चेंडू गेला की हजारो लोकांचा हुर्यो ऐकू येतो. तो इतका स्पष्ट आहे की समालोचकालाही त्याचा उल्लेख करावा लागला. कनिंगहॅम दोघातिघांना चकवून पुढे जातोय आणि गर्दी ओरडतेय. मेरिट दाखवायचं म्हणजे याच्यापेक्षा जास्त काय दाखवायचं? त्या मोसमात संघ लीगमध्ये तिसरा आला. 1979 मध्ये कनिंगहॅमसाठी रिअल माद्रिदने साडेनऊ लाखांच्या आसपास पौंड मोजले. तरी केळी फेकणं थांबलं नाही, माकडांचे आवाज थांबले नाहीत.

1982 मध्ये रेजिसची इंग्लंडच्या संघात निवड झाली, तेव्हा त्याच्या नावावर पाकिटातून बंदुकीची गोळी आली. वेम्बलीच्या हिरवळीवर पाय ठेवलास तर अशीच एक तुझ्या गुडघ्यात जाईल, अशी धमकी सोबत होती. गोळी केव्हा आली ते लक्षात घ्या. तो अपयशी ठरला तेव्हा नव्हे, देशासाठी निवडला गेला तेव्हा. मेरिट सिद्ध केलं की द्वेष विरघळतो, हे ज्याला कधी सिद्ध करावं लागलं नाही त्याचं तत्त्वज्ञान आहे. खैरलांजीच्या भोतमांगे कुटुंबाचा 'गुन्हा' काय होता? जमीन कसली, मुलांना शिकवलं, मान खाली घातली नाही. वर येणारा माणूस जास्त डोळ्यांत खुपतो, हे आपल्याला समाजशास्त्राच्या पुस्तकात वाचायची गरज नाही.

आता त्या दिलदारपणाबद्दल. त्या काळी 'थ्री डिग्रीज' नावाचा तीन कृष्णवर्णीय अमेरिकन गायिकांचा गट लोकप्रिय होता. ॲटकिन्सनने तिन्ही खेळाडूंना मिळून तेच नाव ठेवलं आणि गायिकांसोबत त्यांचे फोटोही काढवले. तीन माणसं, तीन वेगळे स्वभाव, तीन वेगळ्या जागांवर खेळणारे. एक फ्रेंच गयानात जन्मलेला, एक ग्रेनाडात, एक लंडनमध्ये. पण गोऱ्या नजरेला त्यांच्यात सारखं दिसलं ते फक्त कातडं. कॉलेजात 'स्कॉलरशिपवाले' म्हणून एका बाकावर ढकललेल्या माझ्या वाचकांना हे जास्त समजावून सांगायला नको.

ॲटकिन्सन खलनायक होता असं माझं म्हणणं नाही. त्याने तिघांनाही खेळवलं, ते खरं. पण 2004 मध्ये टीव्हीवर समालोचन करून झाल्यावर, माइक बंद आहे असं समजून, याच माणसाने मार्सेल डेसायी या काळ्या फ्रेंच खेळाडूबद्दल काढलेले शब्द मी इथे लिहिणार नाही. ते बाहेर गेले आणि त्याला समालोचकाचं काम सोडावं लागलं. त्यानंतर बचावाला काय पुढे आलं? तेच तिघे! ज्याने काळ्यांना संधी दिली तो वर्णद्वेषी कसा असेल? म्हणजे तीन माणसांचा घाम पंचवीस वर्षांनी एका गोऱ्या माणसाचं चारित्र्य-प्रमाणपत्र म्हणून वापरला गेला. उपकाराची भाषा असते ती याचसाठी.

आणि मैदानात घेतलं म्हणजे निर्णयाच्या खुर्चीत घेतलं असं होत नाही. बॅटसनची कारकीर्द गुडघ्याच्या दुखापतीने संपली. पुढे तो खेळाडूंच्या संघटनेत वर्षानुवर्षं राबला, तिचा उपप्रमुख झाला, काही काळ याच क्लबचा मॅनेजिंग डायरेक्टरही होता. पण असे किती? 2018 मध्ये क्लब बुडत असताना डॅरेन मूर या कृष्णवर्णीय माजी खेळाडूच्या हाती संघ दिला गेला. मार्च 2019 मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत चौथ्या क्रमांकावर, बढतीच्या शर्यतीत होता, आणि त्याला काढलं. रंगामुळेच काढलं असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून मी ते म्हणत नाही. एवढंच सांगतो, तिघांचा पुतळा उभा राहिला तो याच वर्षी.

आपल्याकडे हे पळवणकर बाळूंच्या बाबतीत आधीच घडलेलं आहे. इंग्रजांना हरवायचं म्हणून पुण्याच्या हिंदू संघाने चांभार समाजातल्या या गोलंदाजाला घेतलं. त्याने फेकलेला चेंडू सवर्णांना चालत होता, चहा मात्र त्याला बाहेर मातीच्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही हिंदूंचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. पुढे भाऊ विठ्ठल कर्णधार झाला तो 1923 मध्ये. (बाळू 1937 मध्ये काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, हे मला माहीत आहे. तो वेगळ्या लेखाचा विषय.)

आता त्या पंजाबी कामगारांकडे. स्मेदिकच्या पबमधला रंगभेद मोडायला ते लढले, त्यांना सलाम. रंगभेदविरोधी कायदे त्या पिढीच्या लढ्यातूनही आले, आणि त्यांचा लाभ आज इंग्लंडमधला प्रत्येक भारतीय घेतो, सवर्णही. पण त्याच भागात, वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये, आंबेडकरी बौद्धांना आपला वेगळा विहार आणि रविदासियांना वेगळी गुरुद्वारं का उभारावी लागली? कारण इंग्लंडला जाताना लोकांनी जात सामानात बांधून नेली. ब्रिटनच्या 2010 च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची मुभा मंत्र्यांना होती. 2013 मध्ये संसदेने ते बंधनकारक केलं. विरोध कोणी केला? तिथल्या हिंदू संघटनांनी. इथे जातिभेद नाहीच, आणि कायदा केला तर आमची बदनामी होईल, म्हणून. जुलै 2018 मध्ये सरकारने माघार घेतली, न्यायालयं काय ते बघून घेतील म्हणाले.

रेजिसला आलेल्या त्या गोळीवर हळहळणाऱ्या आपल्या मित्रांना या माघारीबद्दल एकदा विचारून बघा. मी विचारलं होतं. उत्तर आलं, "तू सगळीकडे जात कशाला आणतोस?"