डावा हात, उजवी गिटार

श्रीपेरुंबुदूरला मुलाला सोडायला येणारे काही मराठी पालक हमखास सांगतात, "सर, याची डाव्या हाताची सवय तेवढी मोडा." ड्रिलच्या मैदानावर सॅल्यूट उजव्याच हाताने व्हायला हवा, याबद्दल दुमत नाही. पण लिहिताना किंवा वाद्य वाजवताना हात बदलायची सक्ती कशाला?

जिमी हेंड्रिक्सचेच पाहा. १९४२ साली सिएटलला जन्मलेला हा मुलगा डावखुरा. त्याने उजव्या हाताने वाजवावे, असा वडिलांचा आग्रह. १९६१ मध्ये तो अमेरिकन सैन्यात गेला, १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये पॅराट्रूपर झाला. पण तिथे रमला नाही आणि पुढच्याच वर्षी बाहेर पडला. चांगला सैनिक म्हणून त्याचा आदर्श ठेवावा, असे मी म्हणणार नाही.

शिकण्यासारखे आहे ते त्याच्या गिटारमध्ये. उजव्यांसाठी बनलेली स्ट्रॅटोकास्टर त्याने उलटी धरली आणि तारा नव्याने चढवल्या. त्यामुळे तारांचा कंप टिपणारा तिरका पिकअपही उलटला. जाड तारांना धार आली, बारीक तारांचा आवाज गोलसर झाला. गिटारच्या मानेवरून अंगठा आणून तो खर्जाचे सूर दाबी आणि बोटे इतर सुरांसाठी मोकळी ठेवी. अडचणीतूनच त्याचा आवाज घडला. १९६९ साली वुडस्टॉकला त्याने गिटारवर वाजवलेले अमेरिकेचे राष्ट्रगीत आजही ऐकले जाते.

म्हणून उस्तादांनी ड्रिलमध्ये सूट देऊ नये. मात्र बँडच्या खोलीत डावखुरा कॅडेट गिटार मागायला आला, तर तारा उलट्या क्रमाने चढवून ती त्याच्या हाती द्यावी.