नियत मोजण्याचे माप

आपल्या देशात कोणाला येऊ द्यावे, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे. त्याविषयी माझा वाद नाही. परंतु प्रशासनात आयुष्य घालविल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. शासन जेव्हा कागद मागते, तेव्हा त्या कागदाने काय सिद्ध होते आणि किती पुरावा पुरेसा आहे, हे सांगण्याचे बंधन त्याच्यावर येते. पर्यटक व्हिसाच्या बाबतीत हे बंधन अर्धेच पाळले जाते.

युरोपातील २९ देशांत चालणारा शेंगेन व्हिसा पाहा. त्याच्या बऱ्याच अटी स्वच्छ आहेत. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा, त्यात दोन पाने कोरी हवीत. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा हवा. येथवर तक्रारीला जागा नाही. आपण कोठे उभे आहोत, हे अर्जदाराला कळते.

पुढची अट वेगळ्या जातीची आहे. मुदत संपण्यापूर्वी तुम्ही परताल, याविषयी अधिकाऱ्याला शंका उरता कामा नये. या शंकेला माप नाही. म्हणून पगारपत्रके, रजामंजुरीचे पत्र, बँकेचे खातेउतारे, प्राप्तिकराची विवरणपत्रे मागविली जातात. तपासायची असते नियत आणि मोजली जाते मिळकत.

आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. ज्याची उपजीविका केवळ शेतीवर, त्याने विवरणपत्र आणावे कोठून? गृहिणीने पगारपत्रक कोणाकडे मागावे? इंदूर-बडोद्याच्या निवृत्त मराठी गृहस्थाची मुले युरोपात असली, की तेच नाते त्याच्याविरुद्ध शंकेचे कारण ठरू शकते.

नकार येतो तो छापील नमुन्यातील कारणापुढे खूण करून. जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो असलेले शुल्क नकारानंतर परत मिळत नाही. अपील करता येते, पण नकार देणाऱ्या देशाच्या कायद्याप्रमाणे. अर्ज स्वीकारणाऱ्या खाजगी केंद्राला निर्णयाचा अधिकार नसतो. ज्याला असतो, तो अर्जदाराला बहुधा दिसतही नाही.

मुदत उलटून राहणारे लोक असतात, हा आक्षेप खरा आहे. त्यावरचा उपाय युरोपनेच दाखविला आहे. एप्रिल २०२४ च्या निर्णयानुसार, तीन वर्षांत दोन व्हिसा नियमाने वापरणाऱ्या भारतातील रहिवाशाला दोन वर्षांचा आणि पुढे पाच वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. माणसाची नियत त्याच्या वर्तनावरून जोखणे, हेच रास्त माप. मात्र प्रथमच निघालेल्याला त्याचा उपयोग नाही.

कारणे न सांगता नागरिकाचा पासपोर्ट अडकविण्याच्या सरकारी पद्धतीला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मेनका गांधी खटल्यात आळा घातला. परकीय राष्ट्रावर तो निकाल बंधनकारक नाही, हे उघड आहे. पण त्यामागचा न्याय परका नाही. म्हणून आपल्या सरकारने वाटाघाटींत तीन गोष्टी मागाव्यात: शेतकरी व गृहिणी यांच्यासाठी पर्यायी कागदांची स्पष्ट यादी, प्रत्येक नकाराचे त्या अर्जापुरते लिहिलेले कारण आणि नकारानंतर शुल्काचा काही भाग परत.

ही मागणी करताना आपल्या कचेऱ्यांकडेही पाहावे लागेल. राजपत्रित अधिकाऱ्याच्या शिक्क्याऐवजी स्वसाक्षांकन स्वीकारावे, असे केंद्र सरकारने २०१४ मध्येच सांगितले आहे. आपल्या खिडकीशी आलेल्या नागरिकावर आपणच विश्वास ठेवला नाही, तर दुसऱ्याच्या खिडकीशी त्याच्या वतीने बोलताना आपला आवाज क्षीणच राहणार.