शिधा वाटा, पण बोलाही

रविवारी पूरग्रस्तांसाठी धान्य जमवणाऱ्या एका मंडळाच्या बैठकीला गेलो होतो. नाला बुजवून बांधकाम झालं, म्हणून वस्तीत पाणी शिरलं, असं एक तरुण कार्यकर्ती सांगू लागली. अध्यक्षांनी तिला अडवलं. ‘‘ताई, आपलं काम शिधा वाटायचं. त्यात हे नको.’’ सगळ्यांनी माना डोलावल्या. चार दिवस झाले, ते डोक्यातून जात नाही.

मदत करणाऱ्यांनी बोलावं की गप्प राहावं, हा प्रश्न जुना आहे. १८५९ च्या सोल्फेरिनोच्या लढाईतल्या जखमींची शुश्रूषा करून हेन्री ड्युनांट गप्प बसला नाही. १८६२ मध्ये त्याने पदरमोड करून त्या अनुभवावर पुस्तक छापलं आणि युरोपभर वाटलं. १८६३ ची जिनिव्हातली समिती, म्हणजे पुढची रेडक्रॉस, आणि युद्धातल्या जखमींसाठीचा १८६४ चा करार हे सगळं त्यानंतरचं. रेडक्रॉस बोलण्यातून जन्मली.

त्याच रेडक्रॉसच्या जिनिव्हातल्या समितीपुढे १४ ऑक्टोबर १९४२ रोजी जाहीर आवाहनाचा मसुदा होता. ज्यूंच्या संहाराच्या बातम्या तिथवर पोचल्या होत्या. तरी आवाहन न काढण्याचं ठरलं. बोललो तर युद्धकैद्यांपर्यंत जाण्याची वाट बंद होईल, ही एक भीती. पुढे संस्थेनेच ते अपयश मान्य केलं.

१९६८ मध्ये काही फ्रेंच डॉक्टर रेडक्रॉसतर्फे नायजेरियातल्या युद्धग्रस्त बियाफ्रात गेले, तेही मौनाची अट मान्य करून. उपासमारीने सुकलेली मुलं पाहून आल्यावर त्यांनी ती अट मोडली. त्यातूनच २२ डिसेंबर १९७१ रोजी पॅरिसमध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था उभी राहिली, ती डॉक्टर आणि पत्रकारांनी मिळून.

बोलण्याची किंमत असते. १९८५ मध्ये सक्तीच्या स्थलांतराविरुद्ध बोलल्यामुळे या संस्थेच्या फ्रेंच शाखेला इथिओपियातून हाकललं गेलं. रुग्ण मागे राहिले. मौन पाळल्यामुळेच रेडक्रॉसला तुरुंगांची दारं उघडतात, हेही खरं. पण आपल्या मंडळाला कोणत्या तुरुंगात जायचंय? नाल्याबद्दल बोलल्याने शिध्याचं एक पोतंही अडणार नाही.

अध्यक्षसाहेब, पुढच्या रविवारी त्या मुलीला पुरतं बोलू द्या. आणि ती सांगेल ते इतिवृत्तात लिहून घ्या.