जर्मन क्रियारूपे कोणत्या वाटेने शिकावी ?

परकीय भाषांकडे आपल्या विद्यार्थ्यांचा ओढा वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट होय. तंत्रशिक्षण, परिचर्या, संशोधन अशा निमित्तांनी जर्मनीस जाण्याची आकांक्षा बाळगणारे तरुण आता लहान गावांतूनही भेटतात. परंतु त्या भाषेच्या उंबरठ्यावरच क्रियारूपांची कोष्टके उभी असतात. ती पाहून अनेकांचा धीर खचतो आणि 'आम्ही पडलो मराठी माध्यमाचे. आम्हास हे कसे साधावे?' असा उद्गार त्यांच्या मुखातून निघतो. हा न्यूनगंड सर्वस्वी निराधार आहे. किंबहुना या बाबतीत मराठी माध्यमाचा विद्यार्थी दोन पावले पुढेच असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

या भीतीचे मूळ असे, की आपण जर्मन भाषेकडे इंग्रजीच्या खिडकीतून पाहतो. इंग्रजीत वर्तमानकाळी क्रियापद बहुधा बदलत नाही. तृतीय पुरुषी एकवचनास तेवढा 'स' लागतो. त्या सवयीमुळे 'शिकणे' या अर्थाच्या 'लेर्नेन' या क्रियापदाची इश लेर्ने, डू लेर्न्स्ट, एर लेर्न्ट, वीर लेर्नेन, ईर लेर्न्ट, झी लेर्नेन ही रूपे जाचक वाटतात. पण मी शिकतो, तू शिकतोस, तुम्ही शिकता, ते शिकतात ही रूपे आपण बालपणापासून बिनचूक योजतोच ना ? शिवाय आपले क्रियापद लिंगभेदही पाळते. जर्मनमध्ये 'तो' असो वा 'ती' असो, रूप 'लेर्न्ट' हेच. गोव्याच्या कोंकणीत आमी, तुमी, ते या तिन्हींस 'शिकतात' हे एकच रूप चालते. जर्मनमध्येही 'आम्ही' आणि 'ते' यांचे रूप एकच असते. अपरिचित प्रौढांशी औपचारिकपणे बोलताना जर्मन मनुष्य अनेकवचनी रूप वापरतो. एकाच गुरुजींविषयी 'ते शिकवतात' असे म्हणणाऱ्या आपल्या मुलांस यात नवल ते काय वाटावे ?

संस्कृत शिकणाऱ्यांस तर हे घर अधिकच ओळखीचे वाटेल. जर्मनमध्ये 'आहे' यास 'इस्ट' आणि 'आहेत' यास 'झिंट' म्हणतात. त्यांच्या शेजारी 'अस्ति' आणि 'सन्ति' ठेवून पाहावे. 'मी आहे' या अर्थाच्या 'बिन' या रूपातील आरंभीचा 'ब' हा 'भू' धातूचा सगोत्र आहे. 'लेर्न्स्ट' मधील 'स' आणि 'लेर्न्ट' मधील 'त' यांचे नाते 'पठसि' व 'पठति' यांच्या प्रत्ययांशी पोहोचते. हा केवळ योगायोग नव्हे. फ्रान्त्स बॉप या जर्मन पंडिताने १८१६ साली फ्रँकफुर्ट येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संस्कृत क्रियारूपांची ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मन कुळातील भाषांच्या रूपांशी तुलना केली आणि तौलनिक भाषाशास्त्राचा पाया घातला. ज्या वाटेने जर्मन पंडित आपल्यापर्यंत आले, त्याच वाटेने आपण त्यांच्याकडे का जाऊ नये ?

भूतकाळातही मातृभाषाच हात देते. 'मी गेलो आहे' हे जर्मनमध्ये 'इश बिन गेगांगेन' असे होते. म्हणजे 'असणे' याच क्रियापदाचे साहाय्य घ्यावे लागते. आजच्या इंग्रजीत मात्र अशा ठिकाणी 'जवळ असणे' या अर्थाचे क्रियापद येते. इंग्रजीचा आधार घेणारा येथे अडखळतो. मराठीचा आधार घेणारा सुखरूप पार पडतो.

अर्थात साम्य दाखविल्याने अभ्यास संपत नाही. ट्रिंकेन, ट्रांक, गेट्रुंकेन अशी ज्यांतील स्वर बदलत जातात ती क्रियापदे मुखोद्गतच करावी लागतात. 'कोष्टके नकोत, संभाषणातून व्याकरण आपोआप येते' असे काही जण सांगतात. जेथे दिवसभर कानांवर जर्मन पडते तेथे ते खरेही असेल. परंतु ज्यास आठवड्यातून दोन-तीन तासच ती भाषा ऐकावयास मिळते, त्याने पाठांतराचा त्याग कोणत्या बळावर करावा? मात्र पाठांतर पोपटपंची होता कामा नये. प्रत्येक रूपाचे एक छोटे वाक्य स्वतः रचावे, ते मोठ्याने म्हणावे आणि त्याखाली त्याच अर्थाचे मराठी अथवा कोंकणी वाक्य लिहावे. असे रोज एक क्रियापद घेतले, तरी महिन्याच्या अखेरीस तीस क्रियापदे आपली होतात.

मातृभाषा ही परभाषेच्या वाटेतील धोंड नसून तिच्या दाराची किल्ली आहे. ही किल्ली बालपणीच आपल्या हाती आलेली असते. ती बाजूस टाकून उसन्या खिडकीतून आत शिरण्याची धडपड आपल्या विद्यार्थ्यांनी करू नये, एवढेच माझे सांगणे आहे.